उमरगव्हाणचं आसव

उमरगव्हाण
२१ नोव्हेंबर १९९३

सौ. चंद्रप्रभा हिस,

आपला गडी शिवलिंग परवा लातूरच्या बाजाराला आला होता, तेव्हा तुझ्या भावाच्या घरी डोकावून आला. म्हणाला, "वैनी बऱ्या हाईत. देविकाचं नाव शाळंत घातलं. वैनी काही बोलल्या न्हाईत." त्याच्या हाती दिलेलं पांघरूण तू तसंच परत पाठवलंस. ते मी तेरणेवर नेऊन दोनदा धुतलं होतं. तरीही आसवाचा वास राहिला असणार. आता हे पत्र लिहायला बसलो ते हात साबणानं धुऊन, वाळवून मग बसलो. कागदही नवा आणला आहे.

माझी काळजी करू नको. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं आहे, त्यात राहतो. माणसं रोज येतात-जातात. मुंबईहून कुणी येतं, दिल्लीहून कुणी येतं, नावं लिहून घेतात, भांडी देतात. एका बाईनं मला लोकरीची टोपी दिली. एकटं वाटायला वेळच मिळत नाही.

भूकंपानंतर घराच्या जागी आता नुसते दगड आहेत. आसवघराच्या जागीही दगडच. पण बागेला काही झालं नाही. मांडवाचा एक खांबसुद्धा कलला नाही. ज्या दिवशी मी हे पाहिलं त्या दिवशी मला बागेचा राग आला होता, हे तुला सांगतो. सगळं पडलं आणि ही मेली उभी.

तरी गेल्या आठवड्यात छाटणी केली. ऑक्टोबरात व्हायला हवी होती, उशीर झाला. शिवलिंग कात्री घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, छाटायचं का तोडायचं, एकदा सांगा." मग मीच पहिल्या वेलीची काडी कापली. कापल्यावर डोळ्यातून पाणी गळतं तसं वेल गळू लागली. दरवर्षीच गळते, यंदा मला बघवेना. सावलीला जाऊन बसलो. बाकीचं शिवलिंगानं केलं.

पणजोबांनी दौलताबादेहून काळ्या हबशी द्राक्षाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून बैलगाडीनं आणल्या, ही गोष्ट तू आईच्या तोंडून किती वेळा ऐकलीस. निजामाच्या अबकारीचा दरोगा झडती घ्यायला आला, दारू समजून रांजण फोडायला निघाला, आणि त्याच्याच बाळंतीण सुनेला आमच्या द्राक्षासवानं भूक लागली तेव्हा परवान्याचा कागद स्वतः घेऊन आला, तीही गोष्ट. आई सांगायची तेव्हा आपला धाकटा माउली दरोगा व्हायचा, काठी घेऊन.

मी हे लिहायला नको होतं. पण कागद नवा आहे, खोडत नाही.

देविकाला सांग, तिची सायकल सापडली. एक चाक वाकलं आहे, सरळ करून ठेवतो.

हणमंत


उमरगव्हाण
९ एप्रिल १९९४

चंद्रप्रभा,

तुझ्या भावाचं पत्र आलं. अक्षर त्याचं, शब्द तुझे, हे मला कळलं. "बाग विकून लातूरला या, इथं काहीही करू, पण तो धंदा पुन्हा नको."

उत्तर द्यायला उशीर झाला कारण द्राक्षं उतरायला आली होती. आता खरं सांगतो. मी यंदा आसव घातलं.

तू त्या ढिगाऱ्याखाली काय सोसलंस ते मला कळत नाही, असं समजू नको. मी आणि देविका गणपती विसर्जनाहून उशिरा आलो आणि गच्चीवरच आडवे झालो, म्हणून गच्चीसकट खाली येऊनही वाचलो. तू आणि माउली आतल्या खोलीत. आसवघराची भिंत आणि तुमची भिंत एकच. रांजण फुटले आणि सगळं आसव झिरपत झिरपत तुमच्यापर्यंत आलं. तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. जवानानं आधी माउलीला वर दिलं, मग तुला. श्वास तुझा एकटीचाच चालू होता. माउलीचे केस ओले होते आणि त्याला तोच वास होता. जवान मला म्हणाला, "यहाँ दारू की दुकान थी क्या?" आई दुसऱ्या दिवशी सापडली.

हे सगळं मला माहीत आहे, तरी मी रांजण भरले. का, ते सांगता येत नाही, पण प्रयत्न करतो.

द्राक्षं पिकली आणि कुणी उतरवेना. पाखरं आली. चार दिवसांत खाली सडा पडला. उन्हात ती फळं आपोआप आंबायला लागली आणि बागेत तोच वास सुटला, कुणी काही न करता. मग मला वाटलं, वास येणारच असेल तर तो घाणीचा का असावा, औषधाचा असावा. दोन रांजण ढिगाऱ्यात शाबूत निघाले होते. शिवलिंगाच्या बायकोनं, रत्नम्मानं, ते धुतले, आतून तूप चोळलं, धूप दिला. द्राक्षं कुस्करली, काढा आटवला, गूळ घातला. आसव आंबवणारी धायटीची फुलं किनवटच्या डोंगरातून येतात, ती यंदा मिळाली नाहीत. उदगीरच्या दुकानातून जुनी आणली. दालचिनी, वेलची, नागकेशर, पिंपळी, तुला पाठच आहे. तोंडाला कापड बांधून वर माती लिंपली आणि दोन्ही रांजण ज्वारीच्या राशीत पुरले. जमिनीखाली नाही. जमिनीवर रास केली आणि तिच्यात.

रोज सकाळी रांजणाला कान लावतो. आत भात शिजल्यासारखा आवाज येतो. या शेडमध्ये दुसरा कसला आवाज नाही. मुंबईची, दिल्लीची माणसं केव्हाच गेली.

विकायला म्हणून केलेलं नाही. निलंग्याच्या, औशाच्या वैद्यांना देईन, पूर्वीसारखं.

तू रागावशील. रागाचं का होईना, तुझ्या अक्षरात पत्र लिही.

हणमंत


उमरगव्हाण
२ जुलै १९९७

चंद्रप्रभा,

मंगळवारी न सांगता आलो त्याबद्दल तू काही बोलली नाहीस. मीही तिथं काही बोलू शकलो नाही, म्हणून लिहितो.

तुझी खानावळ इतकी मोठी असेल असं मला वाटलं नव्हतं. शिवलिंग म्हणाला होता, "वैनी दहा-पाच पोरांना डबे देतात." मी गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी क्लासच्या पाट्या. फिजिक्स अमुक सर, केमिस्ट्री तमुक सर, आणि गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे फोटो, लग्नातल्या नवरदेवासारखे. लातूर पॅटर्न लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच, हे तेव्हा कळलं. प्रत्येक घरमालकानं वर दोन खोल्या चढवल्या आहेत. पोरं तुझ्या दारात चपलांचा ढीग करून आत बसलेली, एका हातात पुस्तक, एका हातात घास. नांदेडची, परभणीची, देवणीची. एकालाही समोरच्या ताटाकडे बघायला वेळ नाही.

मी पंगतीत बसलो. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. तू वाढत वाढत आलीस, माझ्या ताटापाशी थांबलीस. भाकरी वाढलीस. म्हणालीस, "ठेचा वाढू?"

मी म्हणालो, "वाढ."

"आणि?"

"पुरे."

तू पुढं गेलीस. शेजारचं पोरगं मला म्हणालं, "काका, तुमचा मुलगा कोणत्या बॅचला आहे?" मी म्हणालो, मुलगी आहे, आठवी संपली. ते म्हणालं, "मग आत्तापासूनच बघून ठेवा, नंतर खोली मिळत नाही."

मग देविका शाळेतून आली. केवढी उंच झाली आहे. पळत आली, मला मिठी मारली आणि लगेच थोडी मागं सरली. तिनं तुझ्याकडे पाहिलं. तू पदराला हात पुसत होतीस. म्हणालीस, "अंघोळ करून आलात, तरी येतो."

ते तू रागानं म्हणाली नाहीस. राग असता तर मी भांडलो असतो. तू 'पाऊस येतोय' म्हणावं तसं म्हणालीस. एस. टी.त बसल्यावर मी माझा सदरा हुंगून पाहिला. मला काहीच येत नाही, चंद्रप्रभा. मला तो वास येणं कधीच बंद झालं आहे.

सरकारनं वसवलेल्या नव्या गावात आपल्याला घर मिळालं. सिमेंटचं, पक्कं, सगळ्या घरांसारखंच. चावी घेतली. दारावर पाटी लावायची होती, तुझं नाव आधी लिहून घेतलं. मी मात्र शेडमध्येच बरा. बागेपासून नवं गाव लांब पडतं आणि रात्री रानडुकरं येतात. घर बंद आहे. तू म्हणशील तेव्हा उघडू.

ठेचा चांगला होता. आईसारखा करतेस अजून.

हणमंत


उमरगव्हाण
१९ जून २००१

चंद्रप्रभा,

देविकाचा नंबर नांदेडच्या मेडिकलला लागला, हे सांगायला तार नव्हे, फोन आला, आणि तोही वाण्याच्या दुकानात. वाण्यानं निम्म्या गावाला पेढे वाटल्यावर मला कळलं. बरं झालं. मी कुणाला वाटणार होतो.

ती काल येऊन गेली, हे तुला ठाऊक आहे का मला ठाऊक नाही. ठाऊक नसेल तर तिच्यावर रागावू नको. सकाळच्या गाडीनं आली, संध्याकाळच्या गाडीनं गेली. जुन्या गावठाणात गेली, आपल्या दगडांपाशी थोडी बसली. मग बागेत आली आणि म्हणाली, "बाबा, मला दाखवा."

मी काय दाखवणार? हंगाम संपलेला. एक रांजण उरला होता, गाळून ठेवलेला. तिनं त्याला कान लावला. मी म्हटलं, आता काही ऐकू येणार नाही, झालं ते. ती म्हणाली, "असू द्या."

तिनं बीएएमएसला जावं, वैद्य व्हावं, हे माझ्या मनात होतं. मी कधी बोललो नाही. ती आपणच म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाईट वाटलं का?" मी म्हटलं, वेडी आहेस का, डॉक्टर होणारी पोरगी उमरगव्हाणात कुणाची आहे? ते खरंच होतं. दुसरंही खरं होतं, की आता या बागेला माझ्यामागं कुणी नाही. ते मी तिला बोललो नाही, तुला बोलतो.

आणखी एक गोष्ट तिच्याकडून कळली. माझी पत्रं तू वाचत नाहीस. तू पीठ मळत बसतेस आणि देविकानं ती मोठ्यानं वाचून दाखवायची. एवढी वर्षं. म्हणजे मी तुला जे जे लिहिलं ते सगळं पोरीनं ऐकलं. मला आधी लाज वाटली. मग आठवून पाहिलं, काय काय लिहिलं होतं. विचारलं, "आई काय म्हणते?" देविका म्हणाली, "काही नाही. संपलं की म्हणते, पुन्हा वाच."

आता ती नांदेडला जाणार. मग पत्र कोण वाचेल?

हणमंत


उमरगव्हाण
३० नोव्हेंबर २००३

चंद्रप्रभा,

हे पत्र कामाचं आहे, आधी काम लिहितो.

शिवलिंग आणि रत्नम्मा लातूरला येत आहेत. इथं पाऊस नाही, दोन वर्षं झाली. विहिरीत दोर संपतो पण पाणी लागत नाही. त्याला क्लासवाल्यांच्या एका होस्टेलवर रखवालदाराचं काम मिळतंय. रत्नम्माला तू ठेवून घे. हात स्वच्छ आहे, भाकरी पातळ करते, आणि पोरांवर ओरडत नाही. तिला तुझं नाव मीच सुचवलं. ती घाबरत होती. म्हणाली, "वैनी म्हणतील, तुझ्या बी अंगाला तोच वास." मी म्हटलं, लातूरला गेल्यावर जातो.

शिवलिंग निघताना पाया पडला. मी म्हटलं, अरे, बारा कोसांवर तर चाललास. तो म्हणाला, "दादा, तुमी बी चला की. वेली काय, आज ना उद्या जळतीलच." त्याच्या बापानं यातल्या निम्म्या वेली लावल्या आहेत.

मी टँकरचं पाणी घेतो. वेलीच्या बुडाशी मडकं पुरलं आहे, त्याला बारीक भोक, त्यातून थेंब थेंब. वरच्या ओळी सोडून दिल्या. खालच्या राखतोय. छाटणी एकट्यानं केली. मांडवावर चढून तारा ओढताना जरा चक्कर आल्यासारखं झालं, ऊन होतं म्हणून. बाकी प्रकृती उत्तम.

तू विचारशील, एवढं कशासाठी? तू विचारत नाहीस, पण मी धरून चालतो की विचारशील. मला आता मोठं काही कारण सांगता येत नाही. पूर्वी म्हणायचो, चार पिढ्यांचं आहे. तेही खरं नाही. सकाळी उठून जाण्यासारखी एक जागा लागते. तुला तुझी पोरं आहेत.

वाण्याकडं फोन आहे. पण फोनवर आपल्याला बोलता येत नाही. तू 'बरं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणतो, आणि मग खरखर ऐकत बसतो.

हणमंत


नांदेड
२० फेब्रुवारी २००४

चंद्रप्रभा,

देविकानं तुला फोनवर सांगितलंच असेल. मांडवावरून पडलो. डाव्या पायाचं घोट्यापाशी हाड मोडलं आणि दोन फासळ्यांना चीर आहे. शेतमजूर बायांना दुपारी सापडलो, सकाळी पडलो होतो. हे देविकाला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, लगेच सापडलो.

वॉर्ड बरा आहे. देविका पांढरा कोट घालून येते आणि इतर डॉक्टरांसमोर मला "पेशंट" म्हणते. मग सगळे गेले की डब्यातलं खायला घालते. खिडकीतून एक कडुनिंब दिसतो. दुसरं काही काम नाही म्हणून त्याची पानं मोजायचा प्रयत्न केला, वारा आला.

तू आलीस तेव्हा मी औषधाच्या गुंगीत होतो. देविका म्हणते, तू दुपारभर खुर्चीत बसून होतीस आणि एवढंच विचारलंस, "द्राक्षं उतरवायला आलीत का?" ती म्हणाली, "बाबा बडबडत होते, आठ दिवसांत उतरवायला हवीत." मग तू उठलीस आणि मला वाटलं लातूरला गेलीस. काल देविकानं सांगितलं, तू उमरगव्हाणला गेलीस.

माझा विश्वास बसेना. तिला दोनदा विचारलं.

चंद्रप्रभा, ऐक. द्राक्षं विकून टाक. निलंग्याचा व्यापारी येईल, जो भाव देईल तो घे आणि परत जा. बारावीची परीक्षा तोंडावर आहे, तुझ्या पोरांचे हाल होतील. शेडमध्ये जाऊ नको. रांजण कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेत, तिकडं फिरकूच नको. तुला झेपणार नाही, आणि मी ते तुझ्याकडून मागितलेलंही नाही. शेडला कुलूप लाव. नव्या गावातल्या घराची चावी वाण्याकडं आहे, रात्र काढावी लागलीच तर तिथं काढ. तिथं कसला वास नाही. तिथं कधी कुणी राहिलेलंच नाही.

माझ्यासाठी हे करू नको.

हणमंत


लातूर
१६ मार्च २००४

चंद्रप्रभा,

सवयीनं वर 'उमरगव्हाण' लिहिणार होतो. आज पत्ता उलटा झाला. मी तुझ्या खोलीत आणि तू माझ्या बागेत.

देविका म्हणाली, प्लास्टर असेपर्यंत गावी जायचं नाही, आईनं सांगितलंय लातूरला पाठव, रत्नम्मा बघेल. मला इथं आणून टाकलं. पहिले दोन दिवस तुझ्या खाटेवर पडून होतो. तुझ्या खोलीत फार थोडं सामान आहे. तिसऱ्या दिवशी रत्नम्मा दारात येऊन म्हणाली, "दादा, पोरांचे पेपर चालू हाईत. माझे दोन हात कुटं कुटं पुरावेत? बसल्या जागी वरण तरी वाढा." तेव्हापासून मी पातेल्याशेजारी स्टुलावर बसतो आणि पोरं ताटं घेऊन माझ्यापुढून जातात. पळी मोठी आहे, पहिल्या दिवशी निम्मं वरण पोरांच्या हातावर गेलं.

ती विचारतात, "काकू कधी येणार?" मी सांगतो, द्राक्षं उतरवायला गेल्यात. ती हसतात. त्यांना वाटतं, मी थट्टा करतो. काकू आणि द्राक्षं.

तू फोनवर म्हणालीस, "फळं उतरवली. रांजण धुतले." मी विचारलं, "तूप?" तू म्हणालीस, "चोळलं." रात्रभर विचार करत राहिलो की तू हे माझ्यासाठी करतेस, आणि मला आनंद होत होता. खोटं कशाला बोलू. अकरा वर्षांनी पहिल्यांदा झाला.

काल फिजिक्सचा पेपर झाला. एक पोरगं उशिरा जेवायला आलं, निलंग्याकडचं आहे, केस वर उभे, कान मोठे. पेपर अवघड गेला म्हणून जेवेना. मी त्याला बोलतं करायला म्हणून विचारलं, तुमच्याकडं भूकंपात पडझड झाली होती का? ते म्हणालं, "थोडी झाली काका. मी तेव्हा दुसरीत होतो. शाळेला लई दिवस सुट्टी लागली म्हणून मी तर खूश झालो होतो." आणि मग जेवायला लागलं.

माउली दुसरीत होता.

मी पळी ठेवली. पंगतीकडं पाहिलं. सगळी तेव्हा दुसरीतली. ज्यांना मी गेले आठ दिवस वरण वाढत होतो ती सगळी. कुणाला मिसरूड फुटलंय, कुणाचा आवाज फुटलाय, एकाच्या पायातल्या चपला माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. मला ते दिसलं नव्हतं. माझ्या मनात माउली तेवढाच राहिला, काठी घेतलेला. तू मात्र वर्षावर्षानं मोजत आली असशील. पोरं अकरावीला येताना, बारावीला जाताना. हे वर्ष येणार, हे तुला कधीपासून माहीत होतं?

म्हणजे तू माझ्यासाठी गेली नाहीस. किंवा माझ्यासाठीही गेलीस, पण इथं बसवेना म्हणून गेलीस. तिथला वास परवडला, पण परीक्षेला निघालेली ही पोरं दही-साखर मागायला तुझ्यापुढं हात करून उभी राहणार, ते नाही परवडलं. मी चुकत असेन तर सांग.

मला वाईट वाटलं नाही. उलट आज सकाळी सहा वाजताच कुबडी घेऊन दारात बसलो आणि प्रत्येकाच्या हातावर दही-साखर घातली. निलंग्याच्या त्या पोराला दोनदा. ते म्हणालं, "काका, मघाशीच दिलंत." मी म्हटलं, असू दे.

तू सावकाश ये. इथलं मी बघतो.

हणमंत


उमरगव्हाण
२७ जून २००४

चंद्रप्रभा,

तू गेल्याला आठवडा झाला. एस. टी. औशाच्या पुढं बंद पडली होती म्हणे, वाण्याच्या पुतण्यानं सांगितलं. पोचलीस ना नीट? रत्नम्मानं खानावळ धुऊन ठेवली होती का?

पाऊस झाला. फार नाही, पण वेलींना पालवी आहे. वरच्या ओळीतल्याही काहींना. मी त्या सोडून दिल्या होत्या.

एप्रिलात काठी टेकत इथं उतरलो तेव्हा मला वाटलं होतं तू शेडच्या दारात उभी असशील. तू नव्हतीस. नव्या गावातल्या घराला पायऱ्या धुतलेल्या होत्या, आत चूल मांडलेली, आणि तू ओट्यावर गहू निवडत होतीस. मान वर करून म्हणालीस, "चप्पल बाहेर काढा." ते घर सात वर्षं बंद होतं आणि मी त्यात पाहुण्यासारखा शिरलो.

आपण दोन महिने एका घरात राहिलो, आणि बोललो किती, ते दोघांनाही ठाऊक आहे. मी विचारायचं म्हणून बरंच काही मनाशी ठेवलं होतं. लातूरहून लिहिलेल्या पत्राबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस. ते पत्र तू स्वतः वाचलंस, एवढं मला कळलं, कारण वाचून दाखवायला इथं कुणी नव्हतं.

रांजण उघडायचा दिवस आठवतो. मी काडी पेटवून आत धरली, ती विझली नाही, म्हणजे आंबणं संपलं होतं. तू नाकाला पदर लावून माझ्यामागं उभी होतीस. मग पदर काढलास. मी तुझ्याकडं बघत नाही असं दाखवलं. तू पुढं झालीस, रांजणावर वाकलीस आणि तशीच राहिलीस. बराच वेळ. मला वाटलं तुला घेरी येणार. हात पुढं केला तर तू तो बाजूला सारलास. शेवटी म्हणालीस, "धायटीची फुलं जुनी होती. नवी मागवा." आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलंस, पुन्हा पुन्हा.

तू ते चाखलं नाहीस. मीही आग्रह केला नाही. बाटल्या भरल्या, वैद्यांकडं गेल्या. निलंग्याचे म्हातारे वैद्य म्हणाले, यंदाचा हात वेगळा लागला. मी सांगितलं, घरच्यांचा आहे.

मग जून आला. मी मनात धरून बसलो होतो की तू राहशील. तसं म्हणालोही असतो. पण गेल्या रविवारी तू पिशवी भरलीस, मी स्टँडपर्यंत आलो, गाडी लागली, आणि पायरीवर पाय ठेवून तू म्हणालीस, "आता येणारी पोरं लहान हाईत." मी म्हणालो, "हाव." तू म्हणालीस, "आता दरसाल लहानच येतील." आणि आत जाऊन बसलीस, पलीकडच्या खिडकीपाशी, जिथून मी दिसणार नाही.

गाडी गेल्यावर मी तिथल्याच बाकावर बसून राहिलो. तू माउलीचं नाव घेतलं नाहीस, मीही घेतलं नाही. पण एवढ्या वर्षांत आपण त्याच्याबद्दल बोललो ते तेवढंच.

मी आता शेडमध्ये राहत नाही. घरात राहतो. घर मोठं आहे आणि भिंती सिमेंटच्या, आवाज घुमतो. भांडं पडलं तरी दोनदा पडल्यासारखं वाटतं. संध्याकाळी ओट्यावर बसतो. रस्त्यानं जाणारे म्हणतात, "वैनी गेल्या वाटतं?" मी म्हणतो, गेल्या, पोरं आली ना.

लातूरला ये म्हणून तू मला या वेळी म्हणाली नाहीस, आणि मीही तुला राहा म्हणालो नाही. दोघंही शहाणे झालो किंवा थकलो. ऑक्टोबरात छाटणी करतो, एकटा चढणार नाही, गडी लावीन, शपथ. फळं फेब्रुवारीच्या शेवटी येतील. पोरांच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात. एकजण इथं आणि एकजण तिथं लागणारच.

यंदा कोण कुठं, ते तू ठरव. मला दोन्ही कामं येतात.

हणमंत